पलीकडची घंटा

१९ ऑगस्ट ९८, बुध.

फर्स्ट शिफ्ट करून घरी आले तर गल्लीत बंब उभा. मागच्या बिल्डिंगमधल्या देसाईंकडे. सून शाळेत शिकवायला, मुलगा कामावर, घरात आजी एकट्या. टीव्हीमागच्या वायरीतून पेटलं म्हणतात. आग म्हणावी अशी नव्हतीच, सोफ्याची एक बाजू आणि पडदा. आजी जळल्या नाहीत. धुराने गेल्या. दुपारच्या झोपलेल्या तशाच.

आमच्या आईला सांगायचं नाही असं ठरवत जिना चढले. आई दारातच. "देसायाची म्हातारी गेली. तुना कलला का?"

हो म्हटलं. चहा ठेवला. आई पण रोज दुपारी एकटीच असते.

२१ ऑगस्ट, शुक्र.

माझ्या टेलिफोन बोर्डाशेजारीच कंपनीच्या फायर अलार्मचं पॅनल. अकरा वर्षं त्या दिव्यांसमोर बसतेय. गोडाऊनच्या कोपऱ्यात एवढासा धूर झाला तरी मला जागेवर कळतं. आणि इथेच कोलशेत गावात, चालत पंधरा मिनिटांवर आई

फायर ऑफिसर सावंतसाहेब चहाला आले तेव्हा विचारलं, घरी बसवता येईल का असं काही.

"दुपारी घरात कोण असतं?"

"आई. बहात्तर वर्षांची."

"ऐकू येतं?"

"जवळचं येतं. गुडघे गेलेत."

"मग कुंदाताई, तिच्या उशाशी घंटा वाजून ती काय करणार? जो धावत येईल त्याच्या घरात वाजली पाहिजे."

बरोबर आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

२३ ऑगस्ट, रवि.

समोरच्या दारात राहून धाकट्या भावाची धड भेट होत नाही. आज मुद्दाम मधूकडे गेले. त्याची बायको शैला दुपारची घरी असते. त्यांच्या प्राचीची शाळा यंदा सकाळची, दहावी. मधूची सुट्टी बुधवारी, बाकी दिवस दुपारी कामावर. म्हणजे आमच्याकडे धूर झाला तर यांच्याकडे वाजायला हवं.

मी बोलून संपायच्या आतच मधू म्हणाला, "ताई, तू म्हणशील तिथे लाव. विचारतेस काय?"

शैला भांडी लावत होती.

बरं वाटलं. वडील गेले तेव्हा हा चौथीत. मी सतराची. बिल्डरने वडिलांच्या जागेवर बिल्डिंग बांधली, आम्हाला दोन फ्लॅट दिले. तेव्हा समोरासमोरचेच हवेत असं मीच अडून बसलेले. त्याचा आज उपयोग.

२९ ऑगस्ट, शनि.

गणपतीचे दीड दिवस झाले, आता मोकळी. तीन वाटा दिसताहेत.

शैलाचा भाऊ दुबईला असतो, तो पांढऱ्या गोल डबीसारखी घंटा आणू शकतो. पण ती एकटीच वाजते. आमच्याकडे लावली तर आमच्याकडेच. बाद.

वायरिंगवाली. इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला. मधला पॅसेज फोडून पाइप टाकावा लागेल. चेअरमन म्हणाले कॉमन पॅसेजला छिन्नी लागणार नाही, आत्ताच रंग काढलाय. बाद.

बिनवायरची. रिमोटच्या बेलसारखी, एक वाजली की हवेतून दुसरीला कळतं. स्टेशन रोडच्या एका दुकानात सेट आलाय म्हणे. उद्या जाते.

३० ऑगस्ट, रवि.

दुकानदाराने उदबत्ती लावून दाखवलं. काउंटरवरची वाजली, शेल्फवरची पण वाजली. मी म्हटलं, ही एक घेऊन मागे गोडाऊनमध्ये जा, लोखंडी दार ओढून घ्या. गेला. काउंटरवरची बोंबलतेय, आतली ढिम्म. "मॅडम, घर में थोड़े ही लोहे का दरवाजा होता है?"

आमच्या दोघांच्या दारांना सेफ्टी डोअर आहे. नमस्कार करून निघाले.

५ सप्टें., शनि.

सावंतसाहेबांनी पत्ता दिलेला, डोंबिवलीला मानपाड्यात अभ्यंकर म्हणून आहेत. गाळ्यात छोटं वर्कशॉप, स्वतः आणि दोन बायका सोल्डरिंगला. वय साठीच्या पुढे, स्वच्छ शर्ट, बोलणं पुस्तकातल्यासारखं. लहान गोडाऊनसाठी बनवतात, घरासाठी मागणारी मी पहिलीच.

त्यांनी आधी मलाच प्रश्न विचारले. भिंती कसल्या, दारं कसली, आई झोपते कुठे, स्वैपाक कशावर. गॅसवर म्हटलं. नंतर आठवलं म्हणून सांगितलं, आईची एक कोळशाची शेगडी आहे, गॅलरीत. सुके बोंबील त्यावरच भाजते. गॅसवरच्यांना चव नाही म्हणते. थंडीत गुडघे शेकायला पण तीच.

अभ्यंकर हसले. "मग स्वयंपाकघरात धुराची घंटा अजिबात नको. रोज ओरडेल, आणि रोज ओरडणाऱ्या घंटेकडे कुणी लक्ष देत नाही. तिथे उष्णतेवर चालणारी लावू." आईच्या खोलीत एक, हॉलमध्ये एक, दोन्ही धुराच्या. आणि चौथी भावाकडे. आतल्या बारीक बटणांवर चौघींचा नंबर एकच ठेवायचा म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बेलने वाजणार नाहीत. एरियल लांब देतो म्हणाले, सेफ्टी डोअर असलं तरी पोचेल. नाही पोचलं तर परत आणा.

"आठवड्यातून एकदा बटण दाबून तपासायचं. आणि पलीकडे वाजते की नाही ते स्वतः तिकडे जाऊन ऐकायचं. पलीकडे राहतं कोण?"

"सख्खा भाऊ."

"उत्तम."

१३ सप्टें., रवि.

लागल्या. मधूने स्वतः ड्रिल मागून आणलं, चारही त्यानेच बसवल्या. स्टुलावर चढून घामाघूम. आई खालून, "पोरा पडशील." प्राचीने आमच्या हॉलमधलं बटण दाबलं, मी त्यांच्याकडे उभी. दोन्ही सेफ्टी डोअर बंद, लाकडी दारं बंद. वाजली! अशी कर्कश की शैलाने कानावर हात घेतले.

आईने नाव ठेवलं, भोंगा.

मधूकडे आमची एक किल्ली असतेच. शैलाला दाखवून ठेवली, कुठल्या खिळ्याला टांगलीय. आज बऱ्याच दिवसांनी डोक्यावरून काही उतरल्यासारखं.

१७ सप्टें., गुरु.

पहिला खोटा भोंगा. आईने गॅलरीत बोंबील भाजले, वारा आत, हॉलची वाजली. शैला किल्ली घेऊन धावत आली, पायात चप्पल नाही. बघते तर आई फडक्याने भोंग्याला वारा घालतेय. मी घरी आले तेव्हा दोघी हसत होत्या. शैलाला मी म्हटलं, आलीस ना, तेच महत्त्वाचं.

२० सप्टें., रवि.

टेस्ट. स्वतः तिकडे जाऊन ऐकली. ओ.के.

२६ सप्टें., शनि.

या आठवड्यात तीनदा. सोमवारी घट बसले तेव्हाच्या धुपाने, नंतर दोनदा बोंबील. तिसऱ्या वेळी शैला आली नाही, दारातूनच ओरडली, "काय, बोंबीलच ना?"

संध्याकाळी मला म्हणाली, "ताई, प्राची दचकते हो. अभ्यासाला बसली की हे. घरात कुणी मेल्यासारखा आवाज."

तिचं चूक नाही. हॉलची घंटा गॅलरीपासून लांब, आतल्या दारावर हलवली. आईकडून कबूल करून घेतलं, बोंबील भाजायचे ते किचनमध्ये, गॅसवर, खिडकी उघडून. आई म्हणाली, "तुजे भोंग्यासाठी मी जेवायचा सोडू का?" पण ऐकलं.

१ ऑक्टो., गुरु. दसरा

हवन मधूकडे. मी सांगितलेलं, आधी घंटा काढून ठेव, मग परत लाव. तो विसरला. चारही एकदम. भटजींनी पळी खाली टाकली. सगळे हसले, मधू नाही हसला. स्टुलावर चढून बंद करताना माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर सोनं द्यायला आला, नीट पाया पडला. राग गेला असेल.

४ ऑक्टो., रवि.

टेस्ट. उजवा पाय मुरगळलाय, म्हणून तिकडे गेले नाही. इथूनच बटण दाबलं. मधूने दार उघडून सांगितलं, "वाजली गं ताई!" ओ.के.

११ ऑक्टो., रवि.

टेस्ट ओ.के.

खोटे भोंगे थांबलेत. आई खरंच गॅसवर भाजते आता. शैला पण खूश दिसते.

१८ ऑक्टो., रवि.

टेस्ट ओ.के. चकल्या बिघडल्या.

१९ ऑक्टो., सोम. लक्ष्मीपूजन

खालच्या फटाक्यांचा धूर घरात. आमच्या तिन्ही वाजल्या. समोरून कुणी आलं नाही. तिकडे माणसं होती, आवाजात कळलं नसेल. मीच खिडक्या लावल्या.

२५ ऑक्टो., रवि.

टेस्ट ओ.के. सावंतसाहेबांच्या मेहुण्याला अभ्यंकरांचा पत्ता दिला. अगदी खात्रीने सांगितलं, घ्याच म्हणून.

१ नोव्हें., रवि.

टेस्ट ओ.के. पाय बरा आहे पण आता जायची गरज वाटत नाही. मी बटण दाबते, तो दार उघडून ओरडतो. रविवारची सवयच झालीय. आई पण बघत असते.

८ नोव्हें., रवि.

ओ.के.

१५ नोव्हें., रवि.

ओ.के. थंडी सुरू. आईने शेगडी पुसून आत घेतली. पलंगाजवळ नको म्हणून बजावलं.

१८ नोव्हें., बुध.

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सव्वातीनला बोर्डावर फोन आला. मधूचा. बोलायच्या आधीच आवाजावरून कळलं. आई शेगडी पलंगाशी घेऊन गुडघे शेकत होती, डोळा लागला. गोधडी खाली सरकून निखाऱ्यांवर. पेटली नाही लगेच, धुमसत राहिली. उठायला गेली आणि पडली. डाव्या पोटरीला भाजलंय, छातीत धूर गेलाय. ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात चोवीस तास बघू.

मधूने उचलून खाली आणलं, रिक्षात घातलं. त्याच्या शर्टाची बाही काळी झालीय. मला बघून रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं. वडील गेले तेव्हा घेतलेलं तसं.

घंटा नसती तर

१९ नोव्हें., गुरु.

ऑक्सिजन काढला. आईने डोळे उघडून पहिलं विचारलं, गोधडी जळली का. जळली म्हटलं. "ती तुजे बापाचे लुंग्यांची होती."

सावंतसाहेब भेटायला आले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, भाऊ समोर होता आणि घंटा होती म्हणून आई आहे. मधू खिडकीतून खाली बघत होता.

२१ नोव्हें., शनि.

आई ठीक. कपडे घ्यायला घरी आले. लक्ष्मी भांडी घासायला आलेली. बिचारीने न सांगता आईची खोली धुवून काढलीय. तिला साडी देईन म्हटलं, तर म्हणाली, "ताई, मी नेहमी चारला येते, त्या दिवशी लवकर आले म्हणून बरं. जिन्यातच भोंगा ऐकला. तुमच्या दाराखालून धूर. मग मी साहेबांचं दार बडवलं."

"कुणाचं?"

"मधूसाहेबांचं. टीव्ही चालू होता मोठ्याने, उघडेचनात. लाथा मारल्या मी. मग ते किल्ली घेऊन आले."

मी विचारलं, त्यांच्या घरातला भोंगा वाजत नव्हता?

"त्यांच्यात कुठे वाजत होता. तुमच्यातच वाजत होता."

कपडे न घेताच परत हॉस्पिटलला गेले. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं.

२२ नोव्हें., रवि.

सकाळी समोर गेले. मधू हॉस्पिटलला, आईजवळ त्याची पाळी. शैला होती. मी त्यांच्या हॉलमध्ये स्टूल ओढलं. घंटा फिरवून काढली. हलकी लागली. मागचं झाकण उघडलं. सेल नाही. कप्प्यात धूळ. नुसती धूळ नाही, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं धरलेलं.

शैला स्वैपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं आता काहीतरी रचून सांगेल. नाही.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काढला. मी त्यांना म्हटलं होतं ताईंना सांगा. ते म्हणाले, ताईला वाईट वाटेल, एवढ्या हौसेने केलंय तिने, राहू दे वर लटकत. मी दोनदा सांगितलं, ताई. खरंच दोनदा सांगितलं."

"आणि रविवारी?"

"तुमची वाजलेली दारातून ऐकू येते ना. ती ऐकून ओरडायचे."

स्टुलावरच बसले. शैलाने पाणी आणलं, घेतलं नाही. इतकी वर्षं मी हिला परकी धरलं. खरं बोलली ती हीच.

घरी येऊन ही वही मागे चाळली. सात रविवार. माझ्याच अक्षरात सातदा ओ.के.

२३ नोव्हें., सोम.

हॉस्पिटलच्या जिन्यात मधूला गाठलं. सेल कुठाय विचारलं. आधी म्हणाला, "संपला होता ताई, आणायचा राहिला." मी म्हटलं, शैलाने सांगितलंय. मग म्हणाला, "तू घरी नसतेस. तुला काय माहीत किती वाजायची ती."

"मग मला सांगायचंस. मी काढून नेली असती. दुसरं काहीतरी बघितलं असतं. लक्ष्मीला बसवलं असतं दुपारची. शेगडी फेकून दिली असती. मी वाजतेय समजून निर्धास्त होते रे."

"तू ऐकतेस का कुणाचं? तुझं ठरलं की ठरलं. नाही म्हणायची सोय असते का तुझ्यापुढे?"

वॉर्डातली बाई जिन्यावरून चालली होती, दोघं बाजूला झालो. मी त्याला एवढंच विचारलं, रविवारी ओरडताना काय वाटायचं तुला. तो म्हणाला, "तू खूश व्हायचीस."

२५ नोव्हें., बुध.

ड्युटीवर रुजू. पॅनलचा एक दिवा लुकलुकला, बॉयलर हाऊसची टेस्टिंग. मी उठून स्वतः बॉयलर हाऊसपर्यंत चालत गेले. बोर्ड सोडून. सुपरवायझर ओरडला.

मधू म्हणाला ते दिवसभर डोक्यात. नाही म्हणायची सोय नसते. खरं असेल. त्या पहिल्या दिवशी शैला भांडी लावत राहिली, तिला मी विचारलंच नव्हतं. मधूला विचारलं आणि त्याचं हो ते सगळ्यांचं हो धरलं. माझं चुकलं असेल. पण नाही म्हणायला दार उघडून चार पावलं यायचं होतं. सातदा दार उघडलंस ना तू.

२८ नोव्हें., शनि.

चारही घंटा पिशवीत घालून मानपाड्याला. अभ्यंकरांनी चौथीत नवा सेल घातला, तपासली. "यंत्र चोख आहे हो." म्हटलं, माहीत आहे. त्यांनी पुढे विचारलं नाही. चहा मागवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सेल नसला की पलीकडून उत्तर येत नाही, हे तुमच्या घंटेला कळायला हवं होतं. तसं करता येईल. उत्तर आलं नाही तर ती टिकटिक करेल. पण वेळ लागेल मला."

करा म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. त्यांनी ठेवून घेतल्या.

३० नोव्हें., सोम.

आईला अजून चार दिवस ठेवणार. आज तिचे केस विंचरत होते. मीच विषय काढला, मधूने सेल काढलेला तुला कळलं का म्हणून.

आई म्हणाली, "त्याला कशाला बोलतेस? मीच सांगला त्याला."

मला वाटलं त्याला वाचवायला बोलतेय. जन्मभर हेच. त्याने फोडलं तरी मीच धक्का मारलेला असायचा. म्हटलं, आई, खोटं बोलू नकोस.

"खोटा कशाला? पोरीचा अभ्यास होयना. शैला रडली माझे पुढं. म्हून मधूला बोलवला नि सांगला, काढ त्यातला शेल. तुना नको सांगू बोलली."

"का नको?"

"तुजा जीव शांत व्हता ना त्या भोंग्यानं. कामावर जाताना वलून वलून बघत नव्हतीस."

फणी हातात तशीच. म्हणजे रविवारी मी बटण दाबायची तेव्हा आई पलंगावर बसून बघायची ते हे. तिला ठाऊक होतं. ते सगळे मिळून मला

शेजारच्या पलंगावरची बाई विचारत होती, मुलगी का तुमची? आई म्हणाली, "मुलगी नाय, माजा पोरगाच हाय तो."

वेणी घालून दिली. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, बराच वेळ.

४ डिसें., शुक्र.

डिस्चार्ज. रिक्षात आई मध्ये, मी आणि मधू दोन बाजूला. जिन्यात मधूने उचललं. वर आल्यावर आईच म्हणाली, "मना मधूकडं ने. शैला घरी असते."

कुणी आधी ठरवलं होतं का विचारलं नाही. औषधांची पिशवी शैलाच्या हातात दिली, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर सांगितलं. पट्टी दिवसाआड. मग इकडे आले. आईच्या खोलीत फिनेलचा वास. छताला दोन भोकं, स्क्रूची.

९ डिसें., बुध.

रोज संध्याकाळी अर्धा तास जाऊन बसते. आईचे पाय चेपते. मधू असला की टीव्हीचा आवाज कमी करतो. बोलतो पण, नळाचं, सोसायटीचं. मी हो, नाही.

प्राची दार लावताना हळूच म्हणाली, "आत्या, सॉरी. मला पण माहीत होतं." पंधरा वर्षांची पोर. तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला मी काय बोलणार. पण तीही.

१३ डिसें., रवि.

मधू आला. पहिल्यांदा एकटा. नवीन सेल घेऊन, चार. कागदात गुंडाळलेले. "लावतो परत. तू सांग कुठे." मी सांगितलं, घंटा अभ्यंकरांकडे आहेत. मग उभाच राहिला. म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं गं. आईला काही व्हावं असं मला..."

ते मला माहीत आहे. मुद्दाम असतं तर सोपं गेलं असतं. तसं म्हणाले पण. त्याला कळलं की नाही कळलं नाही. सेल टेबलावर ठेवून गेला.

२० डिसें., रवि.

सावंतसाहेबांच्या मेहुण्याने बसवली घंटा. साहेब विचारत होते, तुमचा अनुभव कसा, मेहुण्याला सांगतो. चांगली आहे म्हटलं. दर आठवड्याला दोन्हीकडे जाऊन ऐका म्हणावं. साहेब म्हणाले, तुम्ही जाता ना? फोन वाजला, घेतला.

२७ डिसें., रवि.

अभ्यंकरांचं पोस्टकार्ड. झालंय, दोन्ही बाजूंनी विचारतात आता एकमेकींना. कधी येताय? कार्ड फ्रिजवर ठेवलंय.

पलीकडे लावायची तर त्या घरात लावायची. आणि आई त्याच घरात. मग इकडची कुणासाठी? माझ्यासाठी? मी पेटले तर कोण

असलं लिहायचं नाही. खोडत नाही.

३ जाने. ९९, रवि.

आईची पट्टी सुटली. कातडी गुलाबी, नवी. काठी घेऊन चालते. प्राचीला प्रिलिमचं टेन्शन, आई मोठ्याने भजनं म्हणते म्हणून शैलाशी कुरबूर. शैलाच सांगत होती, हसून, पण थकलेली दिसली. तिच्यासाठी बोंबलाची चटणी नेलेली, ओट्याशी उभी राहून खाल्ली तिने.

१० जाने., रवि.

सकाळी बाजारातून येत होते. आई समोरच्या दारात उभी, काठीवर, पदर नीट घेतलेला. पायाशी कपड्यांची पिशवी.

"कुंदे, मना आथा तुज्याकडं यायचाय."

आतून कुणाचा आवाज नाही. मधूची चप्पल होती दारात.

मी म्हटलं, विचार करते.

"इचार काय करायचा त्यात?"

जन्मात पहिल्यांदा तिला लगेच हो म्हटलं नाही. दुपारी ही एकटी असणार. शेगडी मागणारच. आणि काही झालं, काही ठरलं, तर मला सोडून सगळ्यांना सांगेल. माझा जीव शांत रहावा म्हणून.

म्हटलं, सांगते.

आई हलली नाही. मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.